न झालेला गोल

सौंसरच्या एका शब्बाथशाळेत वर्षाअखेरीस बक्षीस समारंभ झाला. बक्षिसांची यादी करण्यात आमचाही हात होता. पाठांतराला बक्षीस मिळाले, गायनाला मिळाले, हजेरीला मिळाले. एक नाव राहून गेले आहे, हे त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

ते पुढच्या रविवारी ध्यानात आले. वरच्या वर्गातील एक मुलगी शाळा सुटली की लहान मुलांना फाटकाशी थोपवून धरीत असे आणि ज्याचे त्याचे पालक आले म्हणजे एकेकाला सोडीत असे. फाटकासमोरच मोठा रस्ता आहे. संत्र्याच्या हंगामात त्यावरून ट्रकांची रीघ लागलेली असते. त्या रविवारी ती तापाने घरी होती. दोन मुले धावत रस्त्यावर गेली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावले. वर्षभर काही घडले नव्हते, म्हणून ती आमच्या यादीत नव्हती. आणि काही घडले नव्हते ते तिच्यामुळेच, हे ती नसताना कळले.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. जे काम काही घडवून दाखवीत नाही, केवळ वाईट घडू देत नाही, त्याचे मोल कसे करावे?

आमच्या मुलांना फुटबॉलची आवड आहे, म्हणून उदाहरण त्याच खेळातील घेऊ. मुलांचे दोन संघ पाडा आणि विचारा, मागे कोण राहणार? कोणी हात वर करीत नाही. गोल करणाऱ्याला सगळे खांद्यावर घेतात. गोल होऊ न देणाऱ्याला कोण घेतो?

पोलंडचे व्लादिस्लाव झ्मुडा हे असे मागे राहणारे खेळाडू. १९७४ ते १९८६ या काळात ते ओळीने चार विश्वचषक स्पर्धांत मिळून २१ सामने खेळले, आणि त्यांत त्यांच्या नावावर एकही गोल नाही. १९७४ साली म्यूनिकमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी पोलंडची गाठ ब्राझीलशी पडली. पोलंडने १-० असा विजय मिळवला. तो एक गोल लाटो यांचा. स्पर्धेत सर्वांत जास्त, म्हणजे सात गोल त्यांचेच होते, आणि जगाने त्यांचे नाव लक्षात ठेवले. पण त्या १-० मधले शून्य कोणाचे? समोर ब्राझील असताना ते शून्य आपोआप पडले नव्हते. गोलरक्षकाने आणि वीस वर्षांच्या झ्मुडांसारख्या बचावपटूंनी ते नव्वद मिनिटे राखले होते. एकाची नोंद झाली, शून्याखाली मात्र कोणाचेच नाव नाही.

आपल्याकडचे उदाहरण गोव्याचे महेश गवळी. हेही बचाव फळीच्या मध्यभागी खेळणारे. २००३ साली जकार्ता येथे आशियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगाल संघात ते होते. पुढे गोव्याच्या डेम्पो संघात ते अनेक वर्षे राहिले आणि त्या काळात डेम्पोने तीन वेळा आय-लीग जिंकली. २००८ साली भारताने दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून ए. एफ. सी. चॅलेंज चषक मिळवला, त्या संघातही ते होते. अंतिम सामन्यातले तीन गोल सुनील छेत्रींचे व एक बायचुंग भुतियांचा, हे पुष्कळांना पाठ आहे. त्या विजयामुळे १९८४ नंतर प्रथमच भारताला आशिया चषकात स्थान मिळाले. परंतु २०११ साली दोहा येथे भारतावर तीन सामन्यांत तेरा गोल झाले, आणि तो तेराचा आकडा लगेच सर्वांच्या तोंडी झाला. बचावाचे काम असे आहे. ते फसले की त्याचा हिशेब होतो. साधले की हिशेबाला काही उरतच नाही.

मग ज्यांना फुटबॉल ठाऊक नाही त्यांनी आपल्या भोवती पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीतल्या पळसाचा झेंडा कोणी काढला आणि किती लोक जखमी झाले, हे दुसऱ्या दिवशी छापून येते. पण ज्या आईने आपल्या पोराचा हात धरून त्याला दिवसभर घरात बसवले, तिचे पोर त्या आकड्यात नसते. न फुटलेली डोकी कोण मोजणार?

येथे कोणी आम्हांस अडवील, आणि त्याचे अडवणे रास्त आहे. तो म्हणेल, "असे असेल तर काहीच न करणाराही स्वतःला राखणदार म्हणवील." खरे आहे. संत्र्याच्या बागेत जागलीला गेलेला माणूस रात्रभर झोपला, आणि दैवाने डुकरे आली नाहीत, तर सकाळी तोही सांगतो की बाग राखली. फळांकडे पाहून दोघांतला फरक कळत नाही. तो कळतो बांधावर. जो जागा होता त्याच्या पावलांचे ठसे बांधावरच्या मातीत उमटलेले असतात. म्हणजे असे की, अशा कामाचे मोल घरी बसून करता येत नाही. त्यासाठी आपणच उठून बांधापर्यंत गेले पाहिजे, काम चालू असताना पाहिले पाहिजे. आम्ही फाटकाशी एकदाही गेलो नव्हतो. आमची चूक नेमकी ही होती.

दाविदाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. त्याचे दोनशे लोक थकून गेले आणि बसोर ओहोळ ओलांडू शकले नाहीत, म्हणून सामानापाशी राहिले. लढून परतलेल्यांपैकी काही म्हणू लागले की त्यांना लुटीत वाटा नको. दाविदाने नियम घालून दिला की लढाईवर गेलेल्याचा वाटा आणि सामान राखणाऱ्याचा वाटा सारखाच. लक्षात घेण्यासारखे हे की वाटा मागण्यासाठी ते दोनशे भांडले, असे तेथे सांगितलेले नाही. त्यांच्या वतीने दावीद बोलला.

ह्यातून आम्हांस दोन कर्तव्ये दिसतात, आणि ती दोन वेगवेगळ्या माणसांची आहेत. जो राखतो त्याने श्रेयाची वाट पाहू नये. पाहील तर त्याची नजर समोरच्या चेंडूवरून उडेल. परंतु जे त्याच्या राखणीखाली सुखाने राहतात, त्यांनी मात्र "त्याला कुठे श्रेय हवे आहे?" असे म्हणून सुटू नये. त्याने न मागणे हा त्याचा गुण. आपण न देणे हा आपला दोष. त्याच्या गुणाच्या आड आपला दोष लपवणे, हे तर आणखी वाईट.

२०२३ साली बंगळुरूच्या सॅफ स्पर्धेत भारताच्या मुख्य प्रशिक्षकांवर बंदी आली, तेव्हा उपांत्य व अंतिम सामन्यांत त्यांच्या जागी मैदानाच्या कडेला साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी उभे होते. लेबनॉनविरुद्ध एकशे वीस मिनिटांत भारतावर गोल झाला नाही; पेनल्टीवर भारत जिंकला. पुढे कुवेतलाही पेनल्टीवरच हरवून भारताने चषक जिंकला. दुसऱ्याची जागा रिकामी पडली की तेथे जाऊन उभे राहायचे, हेच काम ते मैदानात वर्षानुवर्षे करीत आले होते.

ती मुलगी बरी होऊन आली, तेव्हा आम्ही तिला बक्षीस देऊ केले. ती म्हणाली, "सर, बक्षीस राहू द्या. फाटकाशी अजून एक जण द्या. मला ताप आला तर?" शिक्षकबंधुभगिनींनो, आम्ही दोन्ही दिले. येत्या रविवारी शाळा सुटल्यावर तुमच्या फाटकाशी कोण उभे असते, तेवढे एकदा जाऊन पाहा.