चकती पुन्हा फेकणाऱ्याकडे

चेन्नईच्या इलियट्स बीचवर, कार्ल श्मिटच्या पांढऱ्या स्मारकापासून थोड्या अंतरावर, दर रविवारी उजाडता उजाडता अल्टिमेट फ्रिसबी खेळणारी एक मंडळी जमत असे. कितीतरी वर्षांचा तो शिरस्ता होता. शेजारच्या उरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यातली पोरं, कॉलेजचे विद्यार्थी, आयटीतले नोकरदार, सगळे एकाच वाळूत उतरत. येताना एक पांढरा आणि एक गडद असे दोन शर्ट आणायचे आणि आल्यावर बाजू वाटून घ्यायच्या. निवड वगैरे काही नाही. जो येईल त्याला खेळायला मिळे.

1968 साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या शाळकरी मुलांनी सुरू केलेला हा खेळ. गवतावर सात-सात जण खेळतात, वाळूवर पाच-पाच पुरतात. फ्रिसबीची चकती हातात आली की पळायचं नाही, जागेवरून सोबत्याकडे फेकायची. मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात ती झेलली की गुण. आणि मुख्य म्हणजे इथे पंच नसतो. जागतिक स्पर्धेतही फाऊल झाला की नाही, चकती रेषेच्या आत पडली की बाहेर, हे खेळणाऱ्यांनीच एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं.

या मंडळीचे दोन आधार होते. एक कुप्पममधले अण्णा. चकत्या, शंकू, रेषा आखायची दोरी आणि वर्गणीचा डबा त्यांच्या घरी असे. दुसरे बँकेतले सर. नव्या माणसाला पकड शिकवावी ती सरांनीच.

एका रविवारी खेळ संपल्यावर, सगळे पाणी पीत उभे असताना, सरांनी विचारलं, "अण्णा, वर्गणीचा हिशेब काय झाला?"

प्रश्न रास्त होता. पण चारचौघांत, विशीच्या पोरांसमोर विचारला गेला आणि अण्णांच्या जिव्हारी लागला. "म्हणजे मी पैसे खाल्ले म्हणता?" एवढं बोलून ते तडक घरी गेले.

पुढच्या रविवारपासून किनाऱ्यावर दोन खेळ सुरू झाले. स्मारकाच्या एका अंगाला अण्णांची माणसं, दुसऱ्या अंगाला सरांची. कोणाकडेच दहा जण भरेनात. इकडे तीन-तीन, तिकडे चार-चार. मधल्या काळात बऱ्याच जणांनी न्यायनिवाडा करून पाहिला. कोणी म्हणे, सरांनी माफी मागावी. कोणी म्हणे, अण्णांनी आधी डबा उघडावा. जितके न्यायाधीश वाढले, तितकी मनं दुरावत गेली.

अशात नोकरीसाठी नागपूरहून आलेली एक मुलगी सरांच्या बाजूला खेळायला आली. पहिल्याच दिवशी तिने कडेला धावत जाऊन एक चकती झेलली. "आउट!" तिच्यासमोरचा मुलगा म्हणाला. "पाय दोरीवर पडला."

"नाही, आतच होता."

दोघांनी आपापलं म्हणणं सांगितलं. एकमत होईना. तेव्हा सर म्हणाले, "मग चकती परत फेकणाऱ्याकडे."

"पण सर, खरं कोणाचं?"

"ते ठरवत नाही आपण. तुला दिसलं ते तू सांगितलंस, त्याला दिसलं ते त्याने. दोघंही खोटं बोलत नाहीत, असं धरून चालायचं. वाद नव्हता तिथवर मागे जायचं आणि तिथून पुन्हा खेळायचं."

खेळ आटोपल्यावर तिने पलीकडच्या मंडळींकडे बोट दाखवून विचारलं, "ते वेगळे का खेळतात?" तिला सगळी कहाणी ऐकायला मिळाली, अर्थातच सरांच्या बाजूने. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने अगदी सरळ विचारलं, "सर, त्या दिवशी फेकणारं कोण होतं?"

सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "मीच."

त्याच संध्याकाळी ते कुप्पममध्ये गेले. अण्णा दारात जाळं दुरुस्त करत बसले होते. सर शेजारी खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, वर्गणीचा हिशेब एकदा बघू या का? तुम्हाला सवड असेल तेव्हा."

प्रश्न तोच होता. या वेळी ऐकायला तिसरं कोणी नव्हतं.

अण्णांनी जाळं बाजूला ठेवलं आणि आतून डबा आणला. डब्यात चिठ्ठ्या होत्या, पावत्या होत्या, नोटा होत्या. दोघांनी मिळून मांडामांड केली. काही खर्च लिहायचा राहिला होता, काही ठिकाणी अण्णांनी पदरचे पैसे घातले होते. रुपयाला रुपया काही जुळला नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "सर, डबा माझ्याकडे राहू दे. वही तुम्ही लिहा." त्या दिवशी चूक कोणाची होती, हा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या रविवारी दोरी एकच आखली गेली. दोन्ही बाजूंना पाच-पाच जण उभे राहिले, वर चार बदली. खेळानंतर सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रिवाजाप्रमाणे वर्तुळ केलं आणि नव्या वहीची पहिली नोंद सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आली.

तात्पर्य: प्रत्येक भांडणाचा निकाल लागलाच पाहिजे, असं नाही. समोरचा खोटं बोलत नाही एवढा भरवसा शिल्लक असेल, तर वाद जिथे नव्हता तिथवर मागे जाता येतं. मात्र फेकणाऱ्याने तीच गोष्ट नीट फेकायला हवी आणि झेलणाऱ्याने हात पुढे करायला हवा. ज्यांना एकत्र राहायचं आहे, त्यांनी कोण बरोबर होतं हे सिद्ध करण्यापेक्षा पुन्हा सुरुवात करण्याची रीत जपावी.