खोक्यावरची तारीख

आमच्या घरी कुठलीही वस्तू आली की वडील तिच्या खोक्यावर बॉलपेनने तारीख टाकत. मिक्सर असो, कुकर असो, भिंतीवरचं घड्याळ असो. २००३ साली आम्ही मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत आणलं, तेव्हा त्याच्याही खोक्यावर तारीख पडली. आत एक सीडी, घडी घातलेला माहितीचा कागद आणि किल्लीचं स्टिकर. बिल त्यांनी त्या कागदालाच टाचून ठेवलं. पैसे मोजून आणलेली वस्तू आपली, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब सॉफ्टवेअरला लागू व्हायला मात्र बराच काळ जावा लागला. १९६९ पर्यंत आयबीएमचं यंत्र भाड्याने घेतलं की प्रोग्रॅम त्याच्यासोबतच येत. त्या वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने त्यांची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विकायचा माल ठरला. पण हातात धरता न येणारा माल विकायचा कसा? त्याला शरीर दिलं ते टेपने, फ्लॉपीने आणि मग सीडीने. विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतलं तर एकूण १३ फ्लॉप्या. एक संपली की पुढची घाला, ड्राइव्हची घरघर ऐकत बसा, आणि नवव्या-दहाव्या फ्लॉपीवर वाचनाची चूक आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या मानाने ६५० एमबीची सीडी म्हणजे चैनच.

माल वेगळा आणि त्याचं शरीर वेगळं, हे फार थोड्यांना तेव्हाच दिसलं होतं. रिचर्ड स्टॉलमन त्यांतले एक. १९८५ मध्ये त्यांनी आपला ईमॅक्स हा प्रोग्रॅम एमआयटीच्या सर्व्हरवर फुकट ठेवला होता. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्यांना ते १५० डॉलर घेऊन टेप पाठवत. पैसे टेपचे आणि पाठवण्याच्या खटपटीचे. प्रोग्रॅम दोघांनाही सारखाच, कॉपी करायची मुभाही सारखीच.

आपल्याकडे हा प्रश्न आला तो विक्रीकराच्या वाटेने. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात कंपनीचं म्हणणं होतं, की सॉफ्टवेअर ही बुद्धीची निर्मिती, ती 'माल' नव्हे. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते अमान्य केलं. कल्पना तबकडीवर उतरली आणि बाजारात विकायला आली की ती माल झाली. पुस्तकासारखीच. वडिलांच्या बॉलपेनवर न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं, असं मला तो निकाल वाचताना वाटलं.

आणि त्यानंतर ११ दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, अमेरिकेत हाफ-लाइफ २ हा गेम आला. दुकानातून तबकडी आणली तरी स्टीम या ऑनलाइन सेवेवर खातं उघडून, इंटरनेट जोडून परवानगी मिळवल्याशिवाय तो चालत नव्हता. तबकडी हातात होती, पण हक्क दूरच्या एका सर्व्हरवर. माझ्या मते खरा बदल इथे झाला; डाउनलोड हा त्यापुढचा फक्त सोयीचा भाग होता. २०११ मध्ये अ‍ॅपलने ओएस एक्स लायन मुख्यतः डाउनलोडनेच विकली. २०१३ मध्ये अडोबीने यापुढे क्रिएटिव्ह सूटच्या नव्या आवृत्त्या येणार नाहीत, वर्गणीच भरावी लागेल, असं जाहीर केलं.

सोय मी नाकारत नाही. तालुक्याच्या गावातल्या मुलीला एका सीडीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागत नाही, आणि सुरक्षेची दुरुस्ती रातोरात घरी येते. पण मैत्रिणीला सीडी वापरायला देणं, जुनी झाली की शाळेला देऊन टाकणं, कंपनी बुडाली तरी वापरत राहणं, हे सगळं तबकडीबरोबर गेलं, आणि त्याबद्दल आपल्याला कुणी विचारलं नाही.

हे अटळ होतं, हे मला पटत नाही. ऑटोकॅडच्या जुन्या प्रती विकणाऱ्या एका माणसाला २०१० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की तबकडी असली तरी ग्राहकाला मिळाला तो नुसता परवाना. उलट २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या खटल्यात म्हटलं, की पैसे घेऊन बेमुदत वापराचा हक्क दिला असेल तर डाउनलोड केलेली प्रतही विकलीच गेली. घेणारा ती पुढे विकू शकतो, फक्त स्वतःकडची निकामी केली पाहिजे. म्हणजे तबकडी असूनही हक्क जाऊ शकतो आणि नसतानाही राहू शकतो. आपल्याकडे २०२२ मध्ये पुण्याच्या क्विक हीलच्या खटल्यात अँटीव्हायरस ही सेवा की माल, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. इंटरनेटवरून सतत अपडेट येतात म्हणून ती सेवा, असं करखात्याचं म्हणणं. न्यायालयाने मालच ठरवला, पण समोर होती ती खोक्यातली सीडी. खोकं नसतं तर?

माझ्या नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही. मराठी टायपिंगचं ते खोकं अजून कपाटात आहे, वर वडिलांच्या अक्षरात १४-६-२००३. आताच्या सॉफ्टवेअरच्या पावतीचा ईमेल परवा आला. तारीख त्यावरही आहे, ती पुढचे पैसे कापले जाण्याची.