वेगळं पाणी

बैठकीतल्या मोठ्या टाकीपासून लांब, मागच्या खोलीत, माझ्याकडे काचेची एक लहान टाकी आहे. तिच्यात वाळू नाही, झाडं नाहीत. एक स्पंजचा फिल्टर, लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा आणि काचेवर चिकटवलेला एक कागद. कागदावर दोन तारखा आहेत: नवे मासे आले तो दिवस आणि ते मोठ्या टाकीत जातील तो दिवस. दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर.

या कागदाची गरज मला उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी मी चार निऑन टेट्रा आणले. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, तापमान जुळलं आणि मासे सोडले. आठवड्याभरात सगळ्या टाकीत पांढरे ठिपके दिसू लागले, अंगावर रवा शिंपडावा तसे. हा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी बसतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पुन्हा मासा शोधत निघतात. औषध चालतं ते फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांवर. मी औषध घालेपर्यंत सहा वर्षं सांभाळलेला क्लाऊन लोचही गेला होता.

तेव्हा लक्षात आलं की मी दोन कामांची गल्लत केली होती. पिशवी तरंगवणं हे नव्या माशासाठी असतं. त्याला पाण्याचा धक्का बसू नये म्हणून. विलगीकरण हे जुन्यांसाठी असतं. त्यांना नव्याचा रोग लागू नये म्हणून. एक आतिथ्य आहे, दुसरा पहारा. आपण बहुतेकदा पहारा ठेवतो आणि त्याला आतिथ्य म्हणतो.

पण पहारा म्हणजे अन्यायच, असंही नाही. लहान टाकीत पाणी मी बदलते, खाणं मी घालते, रोज वाकून कल्ले आणि पंख मी पाहते. शिवाय जुने मासे निरोगी दिसतात म्हणून निर्दोष असतात असं नाही. रोगातून वाचलेला मासा काही प्रतिकारशक्ती मिळवतो आणि अंगावर एकही ठिपका न दाखवता रोग बाळगू शकतो. दमून आलेला पाहुणाच अशा वेळी आधी बळी पडतो. म्हणजे ती वेगळी काच दोघांनाही जपते. तिला न्याय्य ठरवते ती मात्र कागदावरची दुसरी तारीख. १३७७ साली रागुझा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिक, शहराने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना शहराबाहेर थांबवायचा हुकूम काढला, तेव्हा त्यातही मुदत लिहिलेली होती: तीस दिवस. पुढे ती चाळीस झाली आणि इटालियन भाषेतल्या त्या चाळीसावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. मी अनुवादक आहे. मला कायम वाटत आलंय की ‘विलगीकरण’ हा आपला प्रतिशब्द अचूक असूनही अपुरा आहे. मूळ शब्दात एक आकडा आहे. आपल्या शब्दात नुसतं वेगळं करणं उरलं; ते संपणं गळून गेलं.

आता कपाबद्दल लिहायला हवं.

२०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदी सैल झाल्यावर, आमच्या घरी काम करणाऱ्या दीदी परत आल्या. आईला दम्याचा त्रास. मी दीदींसाठी स्टीलचा एक कप वेगळा काढला आणि मागच्या खिडकीत ठेवला. तेव्हा ते बरोबर होतं, आजही मला तसंच वाटतं. पण २०२३ मध्ये, लहान टाकीवरच्या कागदावर नवी तारीख लिहिताना, माझी नजर खिडकीकडे गेली. कप तिथेच होता. साथ ओसरली होती, लसी झाल्या होत्या, आमचे पाहुणे बैठकीत आमच्याच कपांतून चहा पीत होते. कपावर दुसरी तारीख कुणीच लिहिली नव्हती.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला मुदत नसलेल्या वेगळ्या भांड्याचं नाव सांगावं लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक प्यायले, आणि नंतर सवर्णांनी त्या तळ्याचं शुद्धीकरण केलं. तिथे रोगाचा प्रश्न नव्हताच. पण माझ्या खिडकीतला कप रोगाचं कारण सांगून आला आणि कारण गेल्यावरही राहिला, याचा अर्थ त्याला बसायला जागा आधीच तयार होती. ती जागा मी केलेली नाही, असं म्हणून सुटता येत नाही. पुसली तर नव्हतीच.

त्यात आणखी एक उलटापालट आहे. माझे वडील विदर्भातून भिलाईला आले ते पोलाद कारखान्यात नोकरीसाठी. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं येत राहिली. या सेक्टरांमध्ये आम्ही सगळेच पिशवीतून आलेले. दीदी मात्र इथल्याच. ज्या गावांची शेती कारखान्यात गेली, त्यांतल्या एका गावच्या. म्हणजे पाणी त्यांचं, नवे आम्ही. आणि वेगळा कप त्यांना.

‘हळूहळू बदलेल’ असंही मी मनाला सांगून पाहिलं. पण माशांनी हेही शिकवलं होतं की हळूहळू ही नेहमी दया नसते. लांबून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. पिशवी बंद असते तोवर पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे पाणी आम्लधर्मी राहतं आणि अमोनियाचा विषारीपणा दबून असतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो आणि विष जागं होतं. तिथे तासभर थेंब थेंब पाणी घालत बसणं म्हणजे माशाला विषात ठेवणं. जाणता माणूस लहान टाकीचंच पाणी आधी पाहुण्याच्या पाण्यासारखं करून ठेवतो आणि पिशवी उघडताच त्याला जाळीने उचलतो. जुळवून घेतो तो यजमान.

मासा आणि माणूस यांतला फरक मला ठाऊक आहे. काचेपलीकडे ठेवलंय याचा अर्थ माशाला कळत नाही. दीदींना पहिल्या दिवसापासून कळत होता.

दुसऱ्या दिवशी मी तो कप इतर कपांत मिसळला आणि चहा आमच्या कपात दिला. दीदींनी तो घेतला, काही बोलल्या नाहीत. प्यायल्या, कप धुतला आणि नेऊन खिडकीत ठेवला.

मी तो पुन्हा मांडणीवर ठेवला. काही महिने हे असंच चाललं. वेगळेपणाची सुरुवात मी एका सकाळी केली होती. तो संपला हे ठरवण्याचा हक्क मात्र माझ्या एकटीकडे नव्हता.