चित्रकाराचा रकाना कोरा का?

वह्या तपासून झाल्या. पेनं खाली ठेवा, हाताची घडी घाला आणि ऐका. 'वर्षभरात मी काय वाचलं' एवढंच लिहायला सांगितलं होतं. तुम्ही काय आणलंत? याद्या! कुणाची पस्तीस पुस्तकं, कुणाची पन्नास, आणि मागच्या बाकावरच्या एका विद्वानाची तर एकशे दहा. वाण्याच्या दुकानात माल मोजायला पाठवलं होतं का मी तुम्हाला?

आता त्या आकड्यांच्या पोटातून काय निघालं ते सांगते. चौघांच्या वहीत 'श्यामची आई'चा सारांश शब्दन् शब्द एकच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. चौघंही म्हणतात, 'यातील सर्व धडे संस्कारक्षम आहेत.' धडे? अरे, त्या पुस्तकात धडे नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. नुसती अनुक्रमणिका उघडली असतीत तरी कळलं असतं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, आणि तुम्हाला घरी पंख्याखाली बसून वाचवत नाही!

आणि तू, हसू नकोस. तुझ्या वहीत फास्टर फेणे मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्याला येतो. तो 2017च्या सिनेमातला. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा आहे. सिनेमा बघितलास, आनंद आहे. मग बघितला असं लिही. तो 'वाचलं' म्हणून माझ्या माथी कशाला मारतोस?

आता कॉमिक्सवाले. तोंड लपवू नका. तुम्ही कॉमिक्स वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, चोरून लिहिलीत. एकीने वर्षभरात तीनच वाचली आणि खाली लिहिलं, 'सॉरी बाई, पुस्तकं नाही वाचली.' माफी कसली मागतेस? आर्ट स्पीगलमन नावाच्या माणसाने आपल्या वडिलांनी नाझी छळछावणीत काय भोगलं ते कॉमिक्समध्ये मांडलं. ज्यू उंदीर, नाझी मांजरं. त्या 'माउस'ला 1992 साली पुलित्झर मिळालं. आणि तुम्ही राहता कुठे? लष्कराच्या ज्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं उतरवली, त्या कल्याण कॅम्पात. 1949 साली त्याचं उल्हासनगर झालं. अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' म्हणता. शेजारच्या दादीने लहानपणी घरात काय काय ऐकलं, हे तुमच्यातल्या एकाने तरी विचारलंय? तसं कॉमिक्स उद्या इथल्याच कुणीतरी काढायचं आहे, आणि तुम्ही कॉमिक्स वाचल्याची लाज बाळगताय!

पण शेफारून जाऊ नका, तुमचा गुन्हा मोठा आहे. 'चित्रकार' असा रकाना मी मुद्दाम आखून दिला होता. सगळ्या वर्गाचा कोरा! नागराजचे अंक ढिगाने वाचलेत म्हणे. त्यातली पुष्कळ चित्रं प्रताप मुळीकांची. त्याच मुळीकांनी 'अमर चित्र कथे'तही चित्रं काढली. दोन्ही तुमच्या यादीत आहेत आणि हात एकच, हे कुणाच्या लक्षात नाही. कारण तुम्ही फुगे वाचता आणि पान उलटता. एका चौकटीतून दुसरीत जाताना मधे काय घडलं, चित्रकाराने काय दाखवलं आणि काय झाकलं, तिथे थांबायचं असतं. ते सोडलंत तर कॉमिक्स वाचलं नाही, चाळलं.

'बाई, पुस्तकं महाग आहेत.' हे कारण मला सांगायचं नाही. बालभारतीचं 'किशोर' 1971पासून निघतंय, त्याचे जुने अंक फुकट वाचायला ठेवलेत. सारांश चोरायला चालतो तोच मोबाइल त्यालाही चालतो. आणि इथून दुसरं स्टेशन बदलापूर. तिथे श्याम जोशींनी 'ग्रंथसखा' वाचनालय उभं केलं. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस तो, त्याने दुर्मिळ मराठी ग्रंथ जमवले. तुम्ही बदलापूर लोकलच्या नावाने फक्त गर्दीची तक्रार करता.

तेव्हा या याद्या मी रद्द केल्या आहेत, एकशे दहावालीसुद्धा. प्रत्येकाने आपल्या यादीतलं एकच पुस्तक निवडायचं. कॉमिक्स चालेल. ते पुन्हा, पहिल्या पानापासून वाचायचं. न पटलेली एक गोष्ट आणि न समजलेली एक गोष्ट लिहायची. चित्रं असतील तर चित्रकाराचं नाव आणि एका चौकटीबद्दल दहा ओळी. 'छान आहे', 'बोधप्रद आहे' लिहिलं तर मी लाल रेघ मारीन. सोमवारी वही माझ्या टेबलावर हवी. आणि दोन वह्यांत एकच वाक्य सापडलं, तर मंगळवारी दोघांनीही पालकांना घेऊन यायचं. त्यांनाही विचारणार आहे मी, यंदा काय वाचलंत म्हणून.