उपरण्याखालची बोटं

बैलाची किंमत मोठ्यानं बोलायची नसते. नेकनूरच्या बाजारात जुनी माणसं अजूनही उपरण्याखाली सौदा करतात. घेणारा विकणाऱ्याचा हात धरतो, वर उपरणं टाकतो आणि आत बोटं बोलू लागतात. एक बोट म्हणजे हजार की दहा हजार, हे जनावराकडे बघून दोघांनाही कळलेलं असतं. तोंडानं मात्र भलतंच चाललेलं असतं: पाऊस, बैलाचे दात, कुणाच्या तरी लेकीचं लग्न. मध्येच एकजण हात झटकून तरातरा निघतो, दलाल त्याला दंडाला धरून माघारी आणतो, पुन्हा उपरणं पडतं. भोवती पाच-पन्नास माणसं उभी असतात आणि आकडा फक्त दोघा-तिघांना माहीत असतो.

माझी हयात अंबाजोगाईत तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर गावातल्या एका लहानशा पतसंस्थेनं मला संचालक करून घेतलं. बहुधा माझा कुणाला उपद्रव होणार नाही म्हणून. संस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. नवं घ्यायचं ठरलं आणि चौकशीचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका कंपनीचं जाडजूड, गुळगुळीत माहितीपत्रक आलं. ठेवी, कर्ज, पिग्मी, एसएमएस, सगळ्याचं वर्णन होतं. किंमत कुठंच नव्हती. म्हणून मी फोन लावला.

"किंमत काय आहे याची?"

"सर, आधी तुमची रिक्वायरमेंट समजून घेऊ ना."

मग त्यानं समजून घ्यायला सुरुवात केली. सभासद किती, शाखा किती, ठेवी किती. आत्ता कोणतं सॉफ्टवेअर आहे, त्यांनी सपोर्ट बंद केलाय का. ऑडिट कधी आहे. निर्णय चेअरमन घेतात की बोर्ड. शेवटी, अगदी सहज: "बजेट साधारण किती धरलंय, सर?"

मी पुन्हा किंमत विचारली. "ते आमचे सीनियर सांगतील. डेमोनंतर." पोरगा गोड बोलत होता. त्याला जे शिकवलं होतं ते तो नीट करत होता.

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वेळात तो एकही शब्द खोटं बोलला नव्हता. मग मला टोचलं ते नेमकं काय? किंमत न सांगणं हा काही अपराध आहे का?

हा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला आहे, फक्त सॉफ्टवेअरच्या जागी गहू होता. रोमन विचारवंत सिसेरोनं इसवी सनापूर्वी 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एक पेच घालतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्यानं स्वतः पाहिलेलं आहे. ते सांगितलं तर भाव कोसळेल, गप्प बसलं तर चांदी होईल. त्यानं सांगावं का? बाबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढं सांगावं; न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. देवांचं स्वरूप काय हेही मी तुला सांगत नाही, आणि ते कळणं तर गव्हाच्या भावाहून जास्त उपयोगाचं, म्हणून मी ते लपवलं असं होतं का? या वाक्यावर वर्गात हमखास हशा व्हायचा. त्याचाच शिष्य अँटिपेटर उलट म्हणतो: माणसं एकमेकांशी बांधलेली आहेत, ज्याच्या हिताची गोष्ट आहे त्याला ती सांगितलीच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूनं कौल देतो.

मीही शिष्याच्याच बाजूचा. पण इथं एक फरक आहे. ऱ्होड्सचा तो व्यापारी दुसऱ्यांची जहाजं लपवत होता. आपल्या गव्हाचा भाव तरी तो सांगत होता.

लपवण्याचे सगळे प्रकार एका मापानं मोजता येत नाहीत, हे आमच्या मोंढ्याच्या इतिहासावरूनही दिसतं. बैलाचा सौदा आणि धान्याचा सौदा दोन्ही कापडाखाली होत, पण कापडाखाली हात कुणाचे, यात अंतर होतं. बैलाच्या सौद्यात धन्याचा स्वतःचा हात आत असे. मोंढ्यात आडत्याचा आणि खरेदीदाराचा. ज्याची ज्वारी, तो शेतकरी आपल्या पोत्यांजवळ उभा राहून दोघांचे चेहरे बघत बसे. आमचे वडील सांगायचे, आडत्यानं हात काढला की तो म्हणेल तो भाव. आत किती बोटं धरली होती, कोण सांगणार? लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगानं 1928 च्या अहवालात या रीतीवर बोट ठेवलं. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाचा बाजारांचा कायदा 1930 चा. पुढं महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समित्यांचा कायदा आला. मोंढ्यात उघडा लिलाव हा नियम ठरला. त्यातही पळवाटा निघाल्या, ते सोडा. पण कापड गेलं.

म्हणजे शेतकऱ्याचा माल चव्हाट्यावर, मोठ्या आवाजात विकला गेला पाहिजे असं आपण कायद्यानं ठरवलं. आमच्या जिल्ह्यातनं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जी माणसं जातात, त्यांच्या घामाचा टनामागचा दरसुद्धा संघटना आणि साखर संघ यांच्या करारात ठरतो आणि पेपरात छापून येतो. बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापावीच लागते. मात्र 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांतून संस्थात्मक ग्राहकासाठीचा माल वगळलेला आहे, आणि सॉफ्टवेअर तर पुड्यात येतच नाही. कायद्याच्या दृष्टीनं संस्था म्हणजे जाणती. तिनं आपलं आपण बघून घ्यावं. आमच्या बोर्डात दोन शेतकरी, एक किराणा दुकानदार, एक निवृत्त तलाठी आणि मी. आम्ही जाणते!

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक संस्थेची गरज वेगळी, मग एकच किंमत कशी सांगणार? मुद्दा अगदीच पोकळ नाही. गवंडीही प्लॉट बघितल्याशिवाय घराचा एकूण खर्च सांगत नाही. पण फुटाचा दर विचारा, उभ्या उभ्या सांगतो. हिशेब मग तुम्ही घरी बसून करा, परवडेना तर दोन खोल्यांची एक करा. आम्हाला तो दर हवा होता, एकूण नव्हे.

दुसरी बाजू याहून भक्कम आहे: मोठ्याकडून जास्त घ्यावं, लहानाकडून कमी. याला मी अधर्म म्हणणार नाही. आमच्या गावात एक जुने डॉक्टर होते. कुणाकडून पाच रुपये घेत, कुणाकडून काहीच नाही, एखाद्या बागायतदाराकडून तिप्पट. त्यांच्या दवाखान्यात दरपत्रक नव्हतं आणि कुणी त्याबद्दल कुरकुर केली नाही. महाभारताच्या शांतिपर्वात काशीचा तुलाधार वाणी जाजली नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. माझी तराजू सगळ्या भूतांना सारखी आहे, असं त्याचं सांगणं. वजन सगळ्यांना सारखं, हे कळलं. भावही सारखा होता का? मला तिथं त्याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि कधी कधी वाटतं की त्या डॉक्टरांना बघून तुलाधारानं मान डोलावली असती.

पण डॉक्टर बघत होते ऐपत. फोनवरचा पोरगा विचारत होता नड. ऑडिट कधी आहे, जुन्या कंपनीनं सपोर्ट बंद केलाय का, हे प्रश्न आमच्या खिशाबद्दल नाहीत. आम्ही किती अडलो आहोत याबद्दल आहेत. ऐपत बघून भाव केला तर गरिबाला सवलत मिळते. नड बघून केला तर उलटं होतं: ज्याला घाई आहे, ज्याच्याजवळ दुसरी वाट नाही, ज्याला बाजार माहीत नाही, त्याच्यावर जास्त बोजा पडतो, आणि हा माणूस बहुतेक वेळा लहानच असतो. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेनं हेच सॉफ्टवेअर घेतलंय. ती आमच्याहून कितीतरी मोठी, आणि तिला पडलेला भाव आम्हाला नंतर सांगितलेल्या भावाहून कमी आहे.

बैलबाजारही काही सोवळा नाही. मृग तोंडावर आला, जोडीतला एक बैल मेला, तर त्या शेतकऱ्याच्या चालीवरून दलालाला कळतं. म्हणून तो शेतकरी काय करतो? "सहज आलतो बघायला," म्हणतो. तासभर चहा पितो. नको असलेल्या दोन बैलांचे दात बघतो. म्हणजे खोटंच बोलतो, आणि त्यासाठी त्याला पाप लागत असेल असं मला वाटत नाही. अडलेल्यानं आपली नड झाकणं हे त्याचं संरक्षण आहे. लपवणं वाईट की चांगलं, हा प्रश्नच मी इतकी वर्षं अर्धवट मांडला. कापड दोघांवर सारखं पडलंय का, हे बघायला हवं. इथं माझं सगळं उघडं करून घेतलं आणि उपरणं फक्त त्यांच्या हातावर.

यावर मला सगळ्यात नेमकं उत्तर बीडमध्ये जनावरांचा व्यापार केलेल्या एका जुन्या मित्रानं दिलं. त्याचं वाचन दांडगं. तो म्हणाला, "सर, आमच्यात काफिल्याला वाटेत गाठायला मनाई आहे." पैगंबरांची हदीस प्रसिद्ध आहे: बाहेरून माल घेऊन येणाऱ्यांना बाजारात पोचण्याआधी वाटेतच गाठून सौदा करू नये, कारण त्यांना भाव माहीत नसतो. आणि केलाच, तर बाजारात पोचल्यावर सौदा मोडायचा हक्क त्यांना आहे. याच पैगंबरांना महागाईच्या दिवसांत लोकांनी भाव बांधून द्या असं विनवलं, तेव्हा त्यांनी नकार दिला होता. भाव किती असावा यात हात घालायचा नाही, पण तो कळण्याआधी माणसाला अडवायचं नाही. मला हा निवाडा सिसेरोपेक्षा जास्त व्यवहारी वाटतो. त्यात मोडण्याचा हक्क आहे.

आमच्या हाती शेवटी कराराचा मसुदा आला, तेव्हा त्यात नेमकी याच्या उलट तजवीज होती. किंमत अन्य कोणत्याही संस्थेला सांगू नये, असं एक कलम होतं. शेजारच्या संस्थेच्या मॅनेजरनं मला आकडा सांगितला तो दार लावून, आवाज खाली करून. बैलाचा सौदा झाला की घेणारा चौकात बसून वाट्टेल त्याला सांगतो, "इतक्याला पडला." इथं आम्ही बाजारात कधी पोचूच नये, असा बंदोबस्त. कौटिल्य तर व्यापाऱ्याला वेशीवर ध्वजाजवळ उभं करून मालाचं प्रमाण आणि किंमत पुकारायला लावतो, तीनदा. गिऱ्हाइकांच्या चढाओढीत भाव चढला तर वरची रक्कम राजाच्या कोशात जमा. कौटिल्याला कुणी भाबडा म्हणणार नाही. अडलेल्याच्या घाईतून जो पैसा उभा राहतो, तो विकणाऱ्याची कमाई नव्हे, एवढं त्यानं ओळखलं होतं.

बोर्डाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं, जरा जास्तच रंगून. ठराव झाला: सगळ्या कंपन्यांना पत्र पाठवायचं, आधी दर कागदावर द्या, डेमो नंतर, आणि ते कलम काढा. ठरावावर सह्या होत असताना आमचे किराणा दुकानदार संचालक म्हणाले, "सर, बरोबर आहे तुमचं. पण आपण मोठ्या ठेवीदाराला पाव टक्का जास्त देतो, तो बाहेरच्या बोर्डावर लिहिलाय का?"

लिहिलेला नाही. व्याजदराच्या पाटीवर एकच दर आहे. मोठी रक्कम घेऊन कुणी आलं की मॅनेजर त्याला आत बोलावतो, चहा मागवतो. गेल्या काही वर्षांत बीडमध्ये मल्टिस्टेट पतसंस्थांच्या बंद दारांपुढं ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हापासून मोठी ठेव टिकवायची तर हे करावंच लागतं, असं मॅनेजरचं म्हणणं. चेअरमन म्हणाले, पाटीवर लिहिलं तर सगळेच मागतील. तलाठी म्हणाले, मग देऊ नका कुणालाच. पिग्मीवाल्या भाजीवालीला काय सांगायचं, यावर अर्धा तास गेला. विषय पुढच्या बैठकीवर टाकला आहे, आणि टिपण मलाच तयार करायला सांगितलंय.