हर्षद

इलेव्हन प्लसच्या सरावाला कंटाळून एका संध्याकाळी लेकीने कॅल्क्युलेटरवर नऊ वेळा १ दाबला आणि त्या संख्येचा वर्ग केला. यंत्राने सुरुवातीचे काही आकडे दाखवले आणि पुढे नुसता दहाचा घात. मग हाउन्सलोच्या आमच्या स्वयंपाकघरात, डोक्यावरून विमानं जात असताना, आम्ही दोघी कागदावर गुणाकार मांडून बसलो. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढ, तिथून पुन्हा एकपर्यंत उतार!

“पण आई, याचा यूज काय?”

“येईल कधीतरी परीक्षेत,” मी म्हणाले. आपण खोटं बोललो हे मला लगेच कळलं.

उपयोगी आकड्यांचा मान मी कमी करत नाही. १७८४ साली याच हाउन्सलो हीथवर जनरल विल्यम रॉय यांनी एक आधाररेषा मोजली. ती सुमारे २७,४०४ फूट भरली आणि तिच्या आधारे पुढे ग्रिनिच व पॅरिसच्या वेधशाळा त्रिकोणांच्या मापाने जोडल्या गेल्या. पण नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी जन्मभर सांभाळल्या त्या बिनउपयोगाच्या संख्या. आमच्या कागदावरची संख्या त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांपैकी एक. मुंबईजवळच्या डेम्लो स्टेशनावर गाडी बदलताना कल्पना सुचली, म्हणून ते नाव. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला ते ‘हर्षद’ म्हणत, म्हणजे आनंद देणारी. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिला ८१ ने भागलं की बरोबर १२३४५६७९ चा वर्ग मिळतो. म्हणजे हीसुद्धा हर्षदच!

त्यांच्या कामाला अनेकांनी पोरखेळ मानलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर झालं. आपण परदेशस्थ हे अभिमानाने सांगतो. पण १९७४ साली त्या संख्या काय कमी सुंदर होत्या?

आपला आनंद जपणं हा स्वार्थ नाही का, असंही कुणी विचारेल. मास्तरांनी बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, म्हणजे कर्तव्य चुकवून ते आकड्यांत रमले नव्हते. शिवाय हा आनंद दुसऱ्याला दिल्याने कमी होत नाही. मी तो लेकीला देता देता परीक्षेच्या नावावर खपवला, ही माझी चूक.

आणि हीच चूक आपण मराठीच्या बाबतीतही करतो. रविवारच्या वर्गाला जाताना मुलं विचारतात, “मराठीचा यूज काय?” आपण आजीशी बोलता येईल, सीव्हीवर लिहिता येईल, अशी कारणं शोधतो. ती खोटी नाहीत, पण आपण स्वतः मराठी वाचतो ते काय सीव्हीसाठी?

दुसऱ्या दिवशी मी लेकीला खरं काय ते सांगितलं. “काही यूज नाही गं. मला आवडलं, म्हणून तुला दाखवलं.”

तिने थोडा विचार केला. “मग दहा वेळा वन घेऊन बघू या?”

बघितलं. हातचा आला आणि शिखर ढासळलं: १२३४५६७९००९८७६५४३२१. सरावाची वही त्या दिवशी बंदच राहिली. मी काही बोलले नाही.