नावांची गोधडी

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स या गावी 1886 साली कापसाचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात हॅरिएट पॉवर्स या बाईंनी शिवलेली एक गोधडी मांडली होती. हॅरिएटचा जन्म 1837 चा, गुलामीतला. गोधडीवर बायबलमधल्या गोष्टींच्या अकरा चौकटी होत्या. सगळी चित्रं कापडाचे तुकडे कापून, वर टाचून केलेली. एका चौकटीत येशूचा घात करणारा ज्यूडास आणि त्याला मिळालेली चांदीची तीस नाणी. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने गोधडी विकत मागितली, तेव्हा हॅरिएटने साफ नकार दिला. चार-पाच वर्षांनी घरात ओढाताण सुरू झाली आणि ती स्वतःच बैलगाडीतून गोधडी घेऊन आली. पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली, मांडीवर धरलेली. तिने दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. पण गोधडी सोपवताना तिने एकेका चौकटीची गोष्ट सांगितली आणि स्मिथबाईंनी ती उतरवून घेतली. पुढेही हॅरिएट आपली गोधडी पाहायला अनेकदा येत राहिली.

ती गोधडी आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. तिच्यातली चित्रं आज आपण ओळखू शकतो, त्यामागे स्मिथबाईंच्या त्या टिपणांचा मोठा वाटा आहे.

कथाकथनाच्या महोत्सवासाठी गोधडी शिवून पैसे उभे करण्याची कल्पना ऐकली की मला ही बैलगाडी आठवते. टेनेसीतल्या जोन्सबरो या छोट्या गावात 1973 च्या ऑक्टोबरात कथाकथनाचा राष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. कल्पना जिमी नील स्मिथ या शाळामास्तरांची. पहिल्या वर्षी गवताच्या गाडीवर उभं राहून लोकांनी गोष्टी सांगितल्या. पुढे असे महोत्सव देशभर निघाले, आणि गोष्टी सांगणारे अन् ऐकणारे कितीही हौशी असले तरी तंबूचं भाडं कुणाला चुकलेलं नाही. तिथे गावातल्या हौशी शिवणाऱ्यांनी मिळून एखादी गोधडी शिवायची, तिची तिकिटं विकायची आणि शेवटच्या दिवशी सोडत काढायची, ही जुनी, रुळलेली रीत आहे. नाहीतर सरळ लिलाव.

या दोन्ही रीतींना माझा विरोध नाही. पण माझ्या मते दोन्हीत एक मोठी गोष्ट निसटते. लिलावात गोधडी सगळ्यात भरल्या खिशाच्या माणसाकडे जाते, सोडतीत ती ज्याचं नशीब त्याच्याकडे जाते. वीस बायकांनी हिवाळाभर बसून घातलेले टाके एका संध्याकाळी गावाबाहेर जातात आणि त्यांच्याबरोबर त्या तुकड्यांच्या गोष्टीही जातात. गोष्टींच्या महोत्सवाने तरी असा व्यवहार करू नये.

याला पर्यायही अमेरिकेतच सापडतो. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉससाठी तिथल्या बायकांनी नावांच्या गोधड्या शिवल्या. थोडे पैसे द्यायचे आणि आपलं नाव लाल दोऱ्याने पांढऱ्या कापडावर भरून घ्यायचं. 'मॉडर्न प्रिसिला' या मासिकाने डिसेंबर 1917 मध्ये अशा एका गोधडीतून हजार डॉलर कसे उभे करता येतील याचा आराखडाच छापला होता. यात पैसा वस्तू विकून येत नाही, नावानावाने येतो. गोधडी पुरी होण्याआधीच रक्कम जमलेली असते. मग ती कुणाला विकलीच पाहिजे अशी सक्ती उरत नाही, दर वर्षी व्यासपीठामागे लावता येते.

लिलावात एकरकमी जास्त पैसे येतील, हा आक्षेप खरा आहे. सभागृहात एक दिलदार धनिक बसला असेल तर नक्कीच येतील. पण पुढच्या वर्षीचा कार्यक्रम ठरवताना समितीच्या डोळ्यांपुढे तोच एक चेहरा येऊ लागतो. दोनशे नावांची गोधडी असली की डोळ्यांपुढे दोनशे घरं येतात.

आपल्याकडे हे काम परकं नाही. आमच्या घरी वाकळ शिवायला काढली की आधी जुनेरं धुऊन, उन्हात वाळवून आणायची. ओसरीवर लुगड्यांचे थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर आम्ही चार पोरं बसायचो, म्हणजे कापड सरकत नसे. आजीला सुईचं नेढं दिसत नसे. आम्ही दहा-बारा सुया ओवून उशीच्या खोळीला टोचून ठेवायचो. ती कडेकडेने धावदोरा घालत आत सरकायची आणि हाताखाली जो तुकडा येईल त्याची हकिकत निघायची. हा काठ आत्याच्या बारशाच्या लुगड्याचा. ही निळी बाही काकांच्या सदऱ्याची, पुरात घर गेलं त्या साली अंगावर तेवढाच एक सदरा राहिला होता. एकदा एक हिरवा तुकडा आला आणि आजी काहीच बोलली नाही. दोरा संपेपर्यंत गप्प राहिली. तो तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायला हवं होतं आणि लिहून ठेवायला हवं होतं.

ही चुटपुट माझ्या एकट्याची नाही. जात्यावरच्या ओव्यांचंही हेच होऊ घातलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, म्हणून त्या राहिल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही येतं, ही मला त्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

कथाकथनाला पैसे देऊन गर्दी करणारा श्रोताही आपल्याकडे होता. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाने महाराष्ट्रातली सभागृहं भरवली. आज तालुक्याच्या गावातल्या व्याख्यानमाला आणि कथासंध्या देणगीदारांच्या जाहिरातींवर चालतात, मागच्या फलकावर वक्त्यापेक्षा बिल्डरचं नाव मोठं दिसतं. सोडतीचा मार्ग आपल्याकडे तसाही नको, सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे. वर्गणी मात्र आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. पावती कागदाऐवजी कापडावर द्यायची, एवढाच फरक.

फक्त एका बाबतीत आपण अमेरिकेची नक्कल करू नये. तिथे शिवणाऱ्या बऱ्याचशा हौशी असतात. आपल्याकडे गोधडी शिवून पोट भरणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून 'समाजकार्य' म्हणून फुकट शिवून घेणं हा अन्याय ठरेल. अलाबामातल्या विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णीय बायकांनी 1966 साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल तिथल्या कुटुंबांना कसत्या जमिनीवरून हाकललं जात होतं. पूर्वी ज्या गोधडीला पाच डॉलर मिळायची मारामार, तशा गोधड्या न्यूयॉर्कच्या लिलावात गेल्या आणि पैसा शिवणाऱ्या हातांत आला. लिलावाची योग्य जागा मला तिथे दिसते: जिचे टाके, तिचेच पैसे. महोत्सवाला स्वतःसाठी निधी हवा असेल, तर शिवणाऱ्या बाईची मजुरी खर्चाच्या यादीत पहिली लिहावी आणि कोपऱ्यात तिचं नावही भरावं.

तेव्हा व्याख्यानमालेच्या आणि कथामहोत्सवांच्या समित्यांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी प्रत्येक घराकडून वर्गणीबरोबर वीतभर जुनं कापड मागा. आधी एक शंभर पानी वही आणा. कापड देणाऱ्याला बसवा, चहा द्या आणि तो तुकडा कुणाच्या अंगावरचा, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. कात्री त्यानंतर लावा. महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी पाहुण्या कथाकाराच्या आधी त्या वहीतली तीन पानं वाचून घ्या, ज्यांची आहेत त्यांच्याकडूनच.